दहा चाळीसची नोंद

दाखला मी पहिल्यांदा नीट वाचला तो अडीच वर्षांनी, सकाळी साडेसातला, तोंडात ब्रश असताना. मुलगी कालपासून मागे लागली होती. घराच्या कागदांवरून आईचं नाव काढायचं राहिलंय बाबा, उद्या तुमची कोर्टातली साक्ष झाली की तसेच त्या ऑफिसात जाऊ, मी रजा टाकलीय, तेवढा आईचा मृत्यूचा दाखला काढून ठेवा. एका खेपेत दोन कामं उरकायची ही सवय तिला आईकडून आलेली. दाखला शोधायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. माझ्या घरात काही हरवत नाही, ऑफिसातही नाही. निळ्या फाइलीत तिसऱ्या कप्प्यात होता, तेव्हा मेहुण्याने आणून दिला तसाच, घडी न मोडलेला. मी घडी मोडली. नाव बरोबर, वय बरोबर, तारीख बरोबर. कागद हातात आला की आधी चूक शोधायची ही माझी खोड. बायको म्हणायची, आपल्या लग्नाची पत्रिकासुद्धा तुम्ही अशीच तपासली असणार. तारखेच्या पुढे त्या हॉस्पिटलने वेळही टाकली होती. सकाळी दहा चाळीस. मी बेसिनपाशी गेलो, चूळ भरली, तोंड पुसलं, परत येऊन पुन्हा वाचलं. दहा चाळीसच होतं. ओल्या बोटाचा ठसा तेवढा दाखल्याच्या कोपऱ्यावर उठला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की कागदाला ओला हात लावायचा नसतो. हे मी तीस वर्षं लोकांना शिकवतोय.

दहा चाळीस ही वेळ मला पाठ होती. आठवडाभर मी तीच घोकत होतो. ‘अमुक तारखेला सकाळी दहा चाळीस वाजता मी ठाण्यात हजर असताना हवालदारांनी दोन पाकिटं माझ्या ताब्यात दिली, मी ती रजिस्टरला नोंदवून वेगवेगळ्या मांडणीवर कुलपात ठेवली.’ सरकारी वकीलबाईंनी हे माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. “काका, पाच मिनिटांचं काम आहे. दोन प्रश्न मी विचारीन, एखादा ते विचारतील. जास्त बोलू नका.” जास्त बोलायचा प्रश्नच नव्हता. मी मुद्देमाल कारकून. गुन्ह्यात जे जे सापडतं, चाकू, चपला, फोन, रक्ताचे कपडे, ते सगळं माझ्या खोलीत येतं आणि केस संपेपर्यंत माझ्या ताब्यात राहतं. माझ्याकडे बोलायला काय असणार? ठाण्यात मला कुलूपकाका म्हणतात. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आता नवीन येणाऱ्यांना वाटतं तेच माझं आडनाव आहे. खोलीला खिडकी नाही. लोखंडी मांडण्या, तपकिरी कागद, सुतळी, लाख, मेणबत्ती आणि पितळी शिक्का. एकदा एका दरोड्यातलं भिंतीवरचं घड्याळ पाकिटात आलं, ते अकरा महिने आतल्या आत टिकटिकत होतं. मग एके दिवशी सेल संपला आणि खोली इतकी गप्प झाली की मला जेवण जाईना. बायकोला सांगितलं तर म्हणाली, घरातलं घड्याळ बंद पडून चार महिने झालेत, त्याचं काय? तिचं असं असायचं. मी गंभीर काही सांगावं आणि तिने टाचणी टोचावी.

माझ्या खोलीचे नियम मोजके आहेत आणि ते मी कोणालाही सोडत नाही. रक्ताचं ओलं कापड आधी दोरीवर वाळवायचं, मग कागदात बांधायचं, प्लास्टिकमध्ये कधीच नाही, ते आत घामेजतं आणि सडतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मेलेल्याचे कपडे आणि आरोपीचे कपडे एका वेळी एका टेबलावर आणायचे नाहीत. एक बांधून झालं की हातमोजे फेकायचे, टेबल पुसायचं, मगच दुसरं. कारण साधं आहे. एकाचं रक्त दुसऱ्याच्या कपड्याला लागलं की ते कुठे लागलं, गुन्ह्याच्या जागी की माझ्या टेबलावर, हे मग देवसुद्धा सांगू शकत नाही. ही गोष्ट मी किती जणांच्या डोक्यात घातली असेल! आमचा उंच हवालदार, ज्याला सगळे बांबू म्हणतात, त्याला तर मी एकदा पाकिटावर पाकीट ठेवलं म्हणून चार माणसांत झापलं होतं. बिचारा कान पकडून उभा राहिला होता. तसा मी चिडका आहे. लोक कामचुकारपणा करतात आणि वर ‘चालतंय हो’ म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. चालत नाही. काहीच चालत नाही. एक सही चुकली की माणूस सुटतो नाहीतर अडकतो.

त्या दिवशी हॉस्पिटलात तिचा नववा दिवस होता. त्या नऊ दिवसांचं माझ्याकडे फारसं काही शिल्लक नाही, हे मी कोणाला सांगत नाही. नवऱ्याला आठवायला हवं. मला आठवतो तो खाटेच्या पायाशी अडकवलेला तक्ता, त्यावर नर्सने सात एकासारखा काढलेला, आणि पलीकडच्या खाटेवरची बाई, जी झोपेत कोणाला तरी रागवायची. बायको आदल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या नळाबद्दल बोलली होती, तो गळतोय, वायसर बदला. त्या सकाळी बोलली नाही. श्वास घेत होती, मी तिच्या शेजारी स्टुलावर बसलो होतो, खिशात मुद्देमालाच्या खोलीची किल्ली होती. दुसरी किल्ली साहेबांच्या कपाटात असते, ती घ्यायची तर लेखी नोंद करावी लागते, म्हणून तिच्या वाटेला कोणी जात नाही. फोन थरथरला. वॉर्डात बोलायला बंदी, म्हणून मी बाहेर जिन्यात आलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, तिथे फरशी पुसायची बादली ठेवलेली होती. बांबू होता. “काका, ते औषधाच्या दुकानातल्या मुलीचं प्रकरण. पोरगा पकडला. मुलीचे कपडे शवागारातून आलेत आणि त्या पोराचा शर्ट पण आलाय, दोन पाकिटं आहेत. खोलीला कुलूप आहे, कुठे ठेवू?” मी म्हणालो साहेबांकडची किल्ली घे. तो म्हणाला साहेब पोराला घेऊन बाहेर गेलेत. मी म्हणालो, “मग ठेव बाहेरच्या माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.” तर तो हळूच म्हणाला, “दोन्ही? एकत्र?” त्याने विचारलं. मीच शिकवलेलं त्याला. आणि मी म्हणालो, “ठेव रे बाबा. आत्ता डोकं नको खाऊ माझं.” “ठेवतो. वहिनी कशा आहेत?” मी म्हणालो, “बरी आहे.”

परत आत गेलो तर नर्स बायकोच्या हातातली सलाईनची सुई काढत होती. “कुठे होतात तुम्ही?” तिने विचारलं. मी म्हणालो, “इथेच.” तेव्हापासून मी मनाशी धरून चाललो होतो की ती मी परत येता येता गेली असणार, दारातून खाटेपर्यंतच्या पाच पावलांत कुठेतरी. तेवढं चालण्यासारखं होतं. किंवा मी बाहेर पडायच्या आधीच गेली असेल, मला कळलं नसेल, म्हणजे मग मी जवळच होतो. दोन्हीपैकी मला जे जमेल ते मी त्या त्या दिवशी मानायचो. संध्याकाळी मुलगी पोचली. ती दुसऱ्या गावाला होती, गाडी मिळेपर्यंत, पोचेपर्यंत सहा वाजले. आल्या आल्या तिने बॅगही खाली ठेवली नाही आणि विचारलं, “तुम्ही होतात ना जवळ?” मी म्हणालो, “हो. हात हातात होता.” असं का म्हणालो? मला तेव्हा काही वाटत नव्हतं म्हणून. काही वाटत नसलं की तोंडातून जे यायला हवं तेच येतं. माणसं भेटायला आली तेव्हा मुलगी प्रत्येकाला सांगत होती, बाबांनी हात धरला होता, आई एकटी नव्हती. ती सांगायची आणि मी शेजारी बसून मान हलवायचो. माणसं मला म्हणायची, तुम्ही खंबीर आहात हं. चहा हातात यायचा, तो गरम आहे की गार हेही मला कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो. घरात माणसं फार होती, ऑफिसात निदान कोणी पाठीवर हात ठेवत नाही. ड्रॉवर उघडला. बांबूने दोन्ही पाकिटं दुकानातल्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली होती, नीट, गाठ मारून. त्याच्या हिशेबाने त्याने काळजीच घेतली होती. पिशवीच्या आत वाफ धरलेली. कागद भिजून दोन्ही पाकिटं एकमेकांना चिकटली होती. मुलीच्या कपड्यांचं पाकीट खालून फाटलेलं, पोराच्या शर्टाची बाही त्यातून दिसत होती, म्हणजे कोणाचं काय कुठे गेलंय ते बघायलाही सोडवावंच लागणार होतं. मी ओरडलो नाही. बांबूला हाकही मारली नाही. हातमोजे घातले आणि सोडवलं. सालं काढतो तसं हळूहळू. मग दोऱ्या बांधल्या, दोन टोकांना दोन, अगदी नियमाप्रमाणे, कपडे वाळवले, नवा कागद, नवी चिठ्ठी, लाख वितळवून शिक्का. मग रजिस्टर घेतलं. किती वाजता आणलीस, बांबूला विचारलं. त्याने फोन काढून बघितला, “तुम्हाला लावला तेव्हा दहा चाळीस झालेले, काका.” मी दहा चाळीस लिहिलं. तीन दिवसांपूर्वीची तारीख घातली. पुढे सही केली. सही छान आली, एरवीपेक्षाही. पुढच्या आठवड्यात पाकिटं प्रयोगशाळेत गेली, आणि अहवाल आला की शर्टाच्या बाहीवर तीन ठिकाणी मयत मुलीचं रक्त आहे. साहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

रजिस्टरमधला तो दहा चाळीस बांबूच्या फोनमधून आला होता आणि दाखल्यावरचा दहा चाळीस हॉस्पिटलच्या घड्याळातून. दोन्ही माझ्याकडेच होते, पण एक ऑफिसच्या कपाटात आणि एक घरच्या फाइलीत, आणि मी त्यांची गाठ कधी पडू दिली नव्हती. मुद्दाम का? माहीत नाही. दाखल्याची घडी मी मोडली नाही एवढं खरं, आणि मी कागद न वाचता ठेवणारा माणूस नाही. आता ब्रश धुताना, दाढी करताना, शर्टाची बटणं लावताना मी मनात तेच पुन्हा पुन्हा लावून बघत होतो. फोन लागला दहा चाळीसला. जास्तीत जास्त दीड मिनिट बोललो. म्हणजे ‘ठेव रे बाबा’ दहा चाळीसला. ‘बरी आहे’ दहा चाळीसला. आणि ती दहा चाळीसला. दारातून खाटेपर्यंतची पाच पावलं गेली, मी बाहेर पडण्याआधीचंही गेलं. मी जिन्यात बादलीपाशी उभा होतो आणि ती एकटी गेली, आणि त्याच मिनिटाला मी त्या पोराच्या शर्टाचं वाटोळं केलं. दोन्ही एकाच तोंडाने. हे सगळं मी मनात स्पष्ट म्हटलं आणि वाट बघितली. काही आलं नाही. पट्टा एक भोक आत ओढावा लागला, एवढंच जाणवलं.

औषधाच्या दुकानातल्या त्या मुलीला एक थोरली बहीण आहे. आईवडील नाहीत, दोघीच. ती दर दोनेक महिन्यांनी माझ्या खोलीच्या अर्ध्या दारापाशी येऊन उभी राहायची. चपलांच्या दुकानात काम करते, म्हणून बोलताना आधी माणसाच्या पायांकडे बघते, मग तोंडाकडे. पहिल्यांदा आली तेव्हा बहिणीचं मनगटी घड्याळ मागितलं. मी म्हणालो, केस संपल्यावर. “आणि कपडे?” तेही केस संपल्यावर. मग ती म्हणाली, “नुसतं बघू द्याल?” मी म्हणालो, सील फोडता येत नाही, ताई. तिला ते पटलं, उलट बरं वाटलं असावं. जाताना दर वेळी एकच विचारायची. “नीट ठेवलंय ना सगळं?” आणि मी दर वेळी म्हणायचो, “आमच्याकडे काही इकडचं तिकडे होत नाही.” एकदा ती म्हणाली, तुम्ही इथे आहात म्हणून मला झोप लागते. मी रजिस्टरमध्ये मान घातली. तेव्हासुद्धा लाज वाटायला हवी होती. मी ती शोधली, पण सापडली नाही, आणि माझ्याकडे काही हरवत नाही म्हणतात. त्या पोराला मी कधी जवळून पाहिलं नव्हतं. तो औषधाच्या दुकानात माल पोचवायचा. कॅमेऱ्यात दुकानाच्या रस्त्यावर दिसतो, पण त्या रस्त्यावर चाळीस माणसं दिसतात. सरकारी वकीलबाई मला स्वतःच म्हणाल्या होत्या, “बाकी पुराव्यात काही दम नाही हो, काका. सगळी भिस्त त्या शर्टावर आहे.” त्यानेच केलं असेल. बहुधा त्यानेच. पण मी ती बाही फाटक्या पाकिटातून बाहेर आलेली बघितली होती, आणि ती बघणारा जगात मी एकटाच होतो.

गाडी मुलगी चालवत होती. दाखल्याची फाइल माझ्या मांडीवर. सिग्नलला ती म्हणाली, “आज एवढे गप्प का? साक्षीचं टेन्शन? तुम्ही तर शेकडो साक्षी दिल्यात.” मी म्हणालो, “दाखल्यावर वेळ आहे.” “असते काही ठिकाणी.” “दहा चाळीस.” “माहीत आहे मला,” ती म्हणाली. “मामाने तुम्हाला द्यायच्या आधीच मी वाचला होता.” पुढची गाडी हलली, तिने गिअर टाकला. मग रस्त्याकडे बघत, अगदी सहज, भाजी काय आणायची सांगावं तशी म्हणाली, “मला आता सवयच लागलीय. ऑफिसात दहा चाळीस झाले की बघते घड्याळाकडे. आणि मग मनात म्हणते, मी नव्हते, पण बाबा होते. हात हातात होता. मग कामाला लागते.” मी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. तोंड उघडलं असतं तर तिथेच सांगता आलं असतं. बाजूला घे गाडी, असं म्हणायचं, बस. पण समोरून बस आली, मग वळण आलं, मग तिला पार्किंग शोधायचं होतं. तू बाहेरच बस, आत कंटाळशील, एवढं मात्र मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, “मला बघायचंय तुम्हाला साक्ष देताना. आई नेहमी म्हणायची, घरात पुटपुटतात आणि कोर्टात कसे खणखणीत बोलतात, एकदा बघायला हवं.”

कोर्टाच्या खोल्यांमधल्या बोळात बांबूचा फोन आला. त्याची बदली होऊन वर्ष झालं, पण त्याची साक्ष गेल्याच महिन्यात झाली होती. “काका, मी व्यवस्थित सांगितलंय. दहा चाळीसला तुमच्या हातात दिली म्हणून. तुम्ही फक्त हो म्हणा, मामला खतम.” तो माझ्यासाठी शपथेवर खोटं बोलला होता, आणि पुन्हा मलाच धीर देत होता. बरं, म्हणालो. “तब्येत सांभाळा,” तो म्हणाला. आत पंखे मोठ्याने फिरत होते. तो पोरगा पिंजऱ्यात उभा होता, अडीच वर्षं तुरुंगात काढलेला, फिका पडलेला, कान खाजवत होता. थोरली बहीण पहिल्या बाकावर, माझी मुलगी शेवटच्या. मला पुकारलं. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की त्याला चवच राहिली नाही. सरकारी वकीलबाईंनी दोन प्रश्न विचारले आणि मी घोकलेलं सगळं बोललो, एकही अक्षर न चुकता. टाइप करणारी बाई टाइप करत होती. आवाज खरंच खणखणीत निघाला. मला वाटलं, झालं. खोटं किती सोपं जातं. वकीलबाई बसल्या.

आरोपीच्या वकिलांना सर्दी झाली होती. वयस्कर गृहस्थ, हातात रुमाल, घरी जायची घाई असलेले. रजिस्टर माझ्यासमोर धरलं. “ही सही तुमची?” “हो.” “वेळ दहा चाळीस?” “हो.” “म्हणजे त्या वेळी तुम्ही ठाण्यात होतात.” त्यांनी ते विचारलंही नाही, नुसतं म्हटलं, आणि पुढचा कागद शोधायला खाली वाकले. टाइप करणारीने ‘होय’ टाइप करायला बोटं उचलली होती, मी बघितलं. एक हो म्हणायचं होतं. माझ्या मुलीला तिचा तो ‘हात हातात होता’ राहिला असता, थोरल्या बहिणीला तिची झोप, बांबूला त्याची नोकरी, मला निवृत्तीला उरलेले माझे आठ महिने. मी हो म्हणणारच होतो, यात शंका नको. पण डोक्यात भलतंच आलं. हो म्हटलं की ते टाइप होणार, कोर्टाचा शिक्का बसणार, आणि मग मी त्या सकाळी हॉस्पिटलात नव्हतोच. रजिस्टर म्हणतं नव्हतो, कोर्ट म्हणतं नव्हतो. आणि मी तर होतो. वाईट ठिकाणी होतो, बादलीपाशी होतो, पण तिच्यापासून पंचवीस पावलांवर होतो, त्यापेक्षा जवळ मी आयुष्यात पुन्हा कधी जाणार नव्हतो. ती पंचवीस पावलं मला कोणाला द्यायची नव्हती. “नव्हतो,” मी म्हणालो.

वकील वाकलेलेच राहिले. न्यायाधीश म्हणाले, “काय म्हणालात?” “नव्हतो, साहेब. हॉस्पिटलच्या जिन्यात होतो. फोनवर.” वकिलांनी मान वर केली, नाक पुसायचं विसरले. “सही तर तुमची आहे.” “तीन दिवसांनी केली.” मग एकेक करून सगळं विचारलं आणि एकेक करून मी सगळं सांगितलं. ड्रॉवर, कुलूप नसलेला. प्लास्टिकची पिशवी. भिजलेले कागद. “चिकटलेली होती म्हणजे नेमकं काय?” “शर्टाची बाही मुलीच्या कपड्यांना लागलेली होती.” “ओली?” “ओली.” सरकारी वकीलबाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी विचारलं, “हे अडीच वर्षं का सांगितलं नाहीत?” मी म्हणालो, “कोणी विचारलं नाही.” मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. खरंच कोणी विचारलं नव्हतं. “तुमच्यावर काय कारवाई होऊ शकते, कल्पना आहे?” आहे म्हणालो. मग आरोपीचे वकील, काम झालेलं असूनही, जरा खालच्या आवाजात म्हणाले, “हॉस्पिटलात कोण होतं तुमचं?” “बायको. ती त्याच वेळी गेली. दहा चाळीस. दाखला आहे.” “आणि तुम्ही जवळ नव्हतात.” या प्रश्नाची कोणाला काही गरज नव्हती. त्यांनाही नव्हती. “नव्हतो,” मी म्हणालो. मी शेवटच्या बाकाकडे बघितलं नाही. पिंजऱ्यातला पोरगा आता कान खाजवत नव्हता, तो माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि त्याने केलंय की नाही हे त्याच्या तोंडावरून काही केल्या कळत नव्हतं.

बाहेर बोळात लाकडी बाक होता, त्यावर मी बसलो. थोरली बहीण समोर येऊन उभी राहिली. “तो सुटेल?” “सुटू शकतो.” “त्यानेच केलं असलं तरी?” “हो.” ती तशीच उभी. मला वाटलं आता हात उचलेल, आणि उचलावा असंही वाटलं. “मी दर वेळी विचारत होते तुम्हाला,” ती म्हणाली. “दर वेळी. एकदा तरी म्हणायचं होतंत, माहीत नाही म्हणून.” मी म्हणालो, “माझं चुकलं, ताई.” किती छोटं वाक्य आहे हे. ती ऐकायला थांबली नव्हती, बोळाच्या टोकापर्यंत पोचली होती, आणि तिथल्या माणसाला बाहेरचा रस्ता विचारत होती.

मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. मधे एका माणसाची जागा सोडून. फाइल तिच्या मांडीवर होती, मी ती आत बाकावर विसरलो होतो. ती म्हणाली, “मग आईजवळ कोण होतं?”

“कोणी नव्हतं.”

“नर्स?”

“मी बाहेर गेलो तेव्हा ती पलीकडच्या खाटेपाशी होती.”

तिने मान हलवली. फाइलीचा रबर सारखा केला. “तुम्ही बरोबर केलंत,” ती म्हणाली. “त्या मुलाच्या बाबतीत. बरोबरच केलंत.” मग तिचा आवाज बदलला. “पण माझ्याकडे तेवढंच होतं, बाबा.”

तेव्हा मला रडू आलं. अडीच वर्षांचं एकदम, भर कोर्टाच्या बोळात, वकील, शिपाई, हातकडीतली माणसं सगळ्यांच्या देखत, नाकातोंडातून, आवरेना. मी तिचा हात शोधायला हात पुढे केला. ती उठली होती. पाण्याची बाटली घेऊन बोळाच्या टोकाच्या नळावर गेली होती आणि माझ्याकडे पाठ करून, बाटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद न करता, तिथेच उभी राहिली.